माया लोक नाहीसे झाले नाहीत हो, आणि पोरांना ग्वाटेमाला केळ्यापासून सांगा

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या मुलांच्या पानावर 'देशांची ओळख' मधे ग्वाटेमालाची चौकट आली होती. पाहून आधी आनंदच झाला, कारण मध्य अमेरिकेतला देश आपल्याकडे पेपरात येतो तो भूकंप नाहीतर ज्वालामुखी झाला तरच, एरवी तिकडे कोणी राहतं की नाही याचा आपल्याला पत्ता नसतो. मग चौकट वाचली. राजधानी ग्वाटेमाला सिटी, चलन क्वेट्झल, भाषा स्पॅनिश, मुख्य पीक कॉफी, आणि सगळ्यात शेवटी, इथे पूर्वी माया ही प्राचीन संस्कृती नांदत होती पण पुढे ती गूढरीत्या नाहीशी झाली. संपलं. सोबत एका रंगीबेरंगी पक्ष्याचा फोटो, त्याचं नंतर सांगते.

त्या 'नाहीशी झाली' वर माझं अडलं म्हणून हे पत्र. लांबणार आहे, कात्री लावायची तर खुशाल लावा पण पुढचा पॅरा तेवढा राहू द्या.

माया लोक कुठेही गेलेले नाहीत. ग्वाटेमालाच्या २०१८ च्या जनगणनेत साधारण ६२ लाख लोकांनी आपली नोंद माया अशी केलीय, म्हणजे देशातल्या दर १०० माणसांत जवळजवळ ४२. भाषा स्पॅनिश लिहिलंय तेही अर्धवटच, स्पॅनिश सरकारी भाषा आहे हे खरं पण तिच्याशिवाय २२ माया भाषा तिथे बोलतात, किचे, माम, केक्ची, काक्चिकेल अशा, आणि वरून शिंका आणि गारिफुना या दोन वेगळ्याच. मग नाहीसं काय झालं, तर तिकालसारखी जंगलातली मोठी शहरं नवव्या-दहाव्या शतकाच्या सुमाराला ओस पडली. शहरं ओस पडली, माणसं दुसरीकडे गेली, शेती करत राहिली, पोरं झाली, त्यांची पोरं झाली. देवगिरीच्या किल्ल्यात आज वटवाघळं राहतात म्हणून कोणी लिहिलं की मराठी माणूस गूढरीत्या नाहीसा झाला तर तुम्ही आम्ही ऐकून घेऊ का?

मला यातलं कसं काय ठाऊक, तर मुलीच्या बाळंतपणासाठी सहा महिने लॉस एंजेलिसला होते. तिथे ग्वाटेमालाची माणसं पुष्कळ. मुलीच्या बिल्डिंगमधे खालच्या मजल्यावर एक बाई राहायच्या, माझ्याच वयाच्या, ग्वाटेमालाच्या पश्चिमेकडच्या डोंगराळ भागातल्या. मला स्पॅनिशचा स येत नाही आणि इंग्रजी दोघींचीही बेताचीच. त्यांच्या सूनबाई म्हणाल्या, आमच्या सासूबाईंना स्पॅनिशसुद्धा परकीच, त्या घरी किचे बोलतात. एका दुपारी त्यांच्या दारावरून जाताना आतून थप थप थप असा आवाज आला आणि मी जिन्यातच थांबले, कारण तो आवाज मी जन्मल्यापासून ऐकतेय. भाकरी थापायचा आवाज! आत डोकावले तर मक्याच्या पिठाचा गोळा दोन तळहातांत फिरवत फिरवत त्या टॉर्टिया थापत होत्या, परात नाही पाट नाही, नुसत्या हातावर, जशी आमची आजी थापायची. मी पण हात धुऊन एक गोळा उचलला. माझी झाली त्यांच्या दुप्पट, कारण त्यांची असते तळहाताएवढी आणि जराशी जाड, त्या डोळ्यात पाणी येईपर्यंत हसल्या आणि सूनबाईला बोलावून दाखवली. मग काय, रोजचंच झालं.

त्या पिठाची गंमत म्हणजे मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर तसाच ठेवतात, सकाळी सालं चोळून धुऊन काढतात आणि ओलाच दळतात. गावाकडे दळायला पाटा-वरवंटाच, फक्त त्यांच्या पाट्याला तीन पाय असतात. चुना कशाला तर मक्यातलं नायसिन नावाचं एक ब जीवनसत्त्व चुन्याशिवाय अंगी लागत नाही. हे त्यांच्या बायांना हजारो वर्षांपासून माहीत. गोऱ्या लोकांनी मका युरोपात नेला पण ही चुन्याची युक्ती न्यायचं विसरले, आणि मग तिकडे जी गरीब माणसं नुसत्या मक्यावर जगायची त्यांना पेलाग्रा झाला, अंगाची कातडी सोलवटायची, पुढे डोक्यावर परिणाम व्हायचा, माणसं मेली त्यात. पीक न्यायचं तर ते शिजवणाऱ्या बाईला पण विचारायचं ना.

तर आता त्या बाईंना मी काय कळवू, की आमच्या पेपरात तुम्ही नाहीशा झाल्याचं आलंय?

आता पोरांचं. आमच्या रावेर तालुक्यातल्या गावात रविवारी सकाळी माझ्या ओसरीवर पंधरा-वीस पोरं जमतात, तिसरीपासून आठवीपर्यंतची, एखादी पोर भावाला कडेवर घेऊन येते. मी शिक्षिका वगैरे नाही, घरची केळीची शेती, वाचायची आवड, एवढंच भांडवल. परत आल्यावर मोठ्या हौसेने मी ग्वाटेमाला सांगायला घेतला आणि खोटं कशाला बोलू, पहिल्या रविवारी मी पण तुमच्या चौकटीसारखंच केलं, नकाशा लावला, राजधानी सांगितली, क्षेत्रफळ सांगितलं की आपल्या महाराष्ट्राच्या साधारण एक तृतीयांश, तिकडे आपल्यासारखाच मे-जूनमधे पाऊस सुरू होतो, आपलं घड्याळ साडेअकरा तास पुढे. पोरं जांभया द्यायला लागली. एकाने विचारलं काकू हे पेपरात येणार आहे का. पेपर म्हणजे परीक्षेचा!

पुढच्या रविवारी मी नकाशा गुंडाळून ठेवला आणि केळीची एक फणी मधोमध ठेवली.

आमच्याकडच्या पोराला केळीचं काही शिकवावं लागत नाही, मृगबाग कांदेबाग हे लावणीचे हंगाम त्याला पाळण्यात कळतात, आणि आज बोर्डाचा भाव काय निघाला हे सहावीतलं पोर बापाच्या आधी सांगतं. तर मी विचारलं ही केळी कुठली. जी-नाईन काकू. बरं, जी-नाईन म्हणजे काय. ग्रँड नैन. आणि ग्रँड नैन कुणाच्या घराण्यातली? गप्प. मग सांगितलं की पूर्वी अमेरिकेच्या बाजारात जायचं ते केळ वेगळंच होतं, ग्रो मिशेल नावाचं, जाड सालीचं, आणि ते ग्वाटेमाला, होंडुरास, कोस्टारिका असल्या देशांत मैलच्या मैल लावलेलं असायचं. मग मातीतली एक बुरशी आली, पनामा रोग म्हणतात त्याला, बागा उभ्या वाळल्या, औषध नाही काही नाही, आणि १९५०-६० च्या दशकांत कंपन्यांनी ती जातच सोडून दिली आणि कॅव्हेंडिश घराण्यातली केळी लावली. आमची जी-नाईन त्याच कॅव्हेंडिशमधली. एक पोरगं म्हणालं म्हणजे आमच्या वावरात त्यांचं केळ? मी म्हटलं अरे उलट, केळ मुळात आशियातलं, तिकडे ते नंतर गेलं, आणि तुझ्या ठेच्यातली मिरची आणि तुझ्या म्हशीपुढचा मका हे त्यांच्या बाजूचं, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेच्या पट्ट्यातलं. मिरची आपली नाही हे ऐकून जे पोरांचे चेहरे झाले! खानदेशातल्या पोराला मिरची परदेशी आहे म्हणून सांगणं म्हणजे तुझं आडनाव खोटं आहे म्हणण्यासारखं.

केळ्यावरूनच इतिहास आला. युनायटेड फ्रूट नावाची अमेरिकन कंपनी, १८९९ ची. ग्वाटेमालात तिच्याकडे बेसुमार जमीन, त्यातली बरीच पडीक, रेल्वे तिच्या ताब्यात, पुएर्तो बारिओस बंदर तिच्या हातात, लोक तिला एल पुल्पो म्हणायचे, म्हणजे ऑक्टोपस. मग हाकोबो आर्बेन्स नावाचे राष्ट्राध्यक्ष आले, त्यांनी १९५२ मधे कायदा केला की मोठ्या मालकांची पडीक जमीन सरकार घेणार आणि भूमिहीन लोकांना वाटणार, फुकट नाही घेणार, मोबदला देणार. किती देणार? तर कंपनीने टॅक्स भरताना कागदावर जमिनीची जेवढी किंमत दाखवली तेवढीच! आणि कंपनीने तर टॅक्स वाचवायला किंमत पाडून दाखवली होती. इथे आमच्या आठवीतल्या दोन पोरांना जे हसू फुटलं ते थांबेना, त्यांच्या घरी नुकतीच कुठल्यातरी खरेदीखताची चर्चा झाली असणार, कागदावरचा भाव आणि खरा भाव यातला फरक त्यांना माझ्याहून बरा कळला. पाठ्यपुस्तकात दहा पानं लिहून जे कळणार नाही ते त्या एका टॅक्सच्या गोष्टीने कळलं.

हसू थांबल्यावर पुढचं सांगावं लागलं, की १९५४ मधे अमेरिकेच्या सीआयएने मदत करून आर्बेन्स यांचं सरकार पाडलं, जमिनी परत गेल्या, आणि पुढे १९६० पासून १९९६ पर्यंत देशात आपसात युद्ध चाललं. ३६ वर्षं. दोन लाखांवर माणसं मारली गेली किंवा बेपत्ता झाली, त्यातली बहुतेक माया खेड्यांतली, आणि बहुतेकांना मारलं ते त्यांच्याच देशाच्या सैन्याने आणि सैन्याच्या बाजूच्या लोकांनी.

इथे तुम्ही म्हणाल, किंवा पालक म्हणतील, मुलांच्या पानावर हे कशाला? माझी सून पण हेच म्हणाली. मला वाटतं सांगावं, पण बेताने सांगावं, कसं मारलं ते सांगायची गरज नाही, मारलं एवढं सांगायचं आणि पोरं काय विचारतात ते बघायचं. पाचवीतल्या एका मुलीने विचारलं, आपलंच सैन्य आपल्याला मारतं? मी म्हटलं तिथे तसं झालं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली मग आता? मग मी रिगोबेर्ता मेंचू यांचं सांगितलं, किचे माया घरातल्या, शेतमजुराची मुलगी, लहानपणी कॉफीच्या मळ्यात राबलेल्या, याच युद्धात त्यांचे आई-बाप आणि भाऊ गेले, आणि जगभर फिरून त्या हे सांगत राहिल्या, १९९२ मधे त्यांना शांततेचं नोबेल मिळालं तेव्हा त्या ३३ वर्षांच्या होत्या. २९ डिसेंबर १९९६ ला तहावर सह्या झाल्या. तुमच्या चौकटीत नोबेलवाल्या बाईंना पण जागा नव्हती आणि कॉफीला होती, कॉफी कोण तोडतं हे नको का यायला?

असो, सगळंच काही दुःखाचं नाही, उलट पोरांनी सगळ्यात जास्त दंगा केला तो चिकूवर. तिकालची जी उंच देवळं आहेत ना, चौथ्या नंबरचं देऊळ तर ६५ मीटरच्या आसपास म्हणजे वीस मजली इमारत म्हणा, साधारण आठव्या शतकातलं, त्याच्या दारावरच्या आडव्या तुळया लाकडाच्या होत्या, कोरीव, आणि हजारावर वर्षं त्या दमट जंगलात टिकल्या. ते लाकूड कुठलं तर चिकोझापोते झाडाचं. नाव ऐकताच पोरं ओरडली, चिकू! हो चिकूच, तेच झाड, डहाणू-घोलवडला ज्याच्या वाड्या आहेत तेच, मूळचं त्या बाजूचं. आणि चिकूच्या झाडाला चीक असतो तो आटवून पूर्वी च्युइंगगम करायचे, त्यासाठी जंगलात फिरणाऱ्या चीक काढणाऱ्या लोकांनाच झाडांखाली दबलेली बरीच जुनी माया ठिकाणं सापडली. दुसऱ्या दिवशी तीन पोरांनी आमच्या परसातल्या चिकूला ब्लेडने चिरा पाडलेल्या. मी रागावले, पण काय तोंडाने रागावणार.

तिकालमधे नदी नाही हे ऐकून पोरांना नवल वाटलं. हजारो माणसांचं शहर आणि नदी नाही. मग पाणी? पावसाचं. चौकांना चुन्याचा गिलावा करून उतार असा दिलेला की सगळं पाणी तळ्यांमधे जाईल, आणि उन्हाळाभर तेच प्यायचं. एका तळ्यात तर पाणी गाळायला वाळूत झिओलाइट वापरल्याचं काही वर्षांपूर्वी सापडलंय. आता झिओलाइट म्हणजे काय हे दुसऱ्या कुठल्या पोरांना समजावत बसावं लागलं असतं पण आमच्या शेजारच्या सावद्याच्या दगडखाणीत काळ्या दगडाच्या पोकळीत ते चकाकणारे खडे निघतात ना, लोक गोळा करून विकतात, त्यातले बरेच झिओलाइटच. एकाच्या खिशातच होता. त्याने तो लगेच पेल्यात टाकून पाणी पिऊन बघितलं, आधीच सांगून ठेवते की असं करायचं नसतं.

आकड्यांचा रविवार पण मस्त झाला. माया लोक दहावर मोजत नाहीत, विसावर मोजतात. टिंब म्हणजे एक, आडवी रेघ म्हणजे पाच, आणि शिंपल्यासारखं चित्र म्हणजे शून्य. शून्य आपल्याला सुचलं तसं त्यांना त्यांच्या त्यांच्या वाटेने सुचलं, कोणी कोणाची कॉपी केलेली नाही (इथे माझ्याकडे 'शून्याचा शोध फक्त भारताने लावला' म्हणणारा एक बापूस भांडायला आला होता, चहा पाजून पाठवला). पोरांना म्हटलं आजीचं वय लिहा. ६५ असेल तर खाली एक रेघ म्हणजे पाच, आणि वरच्या घरात तीन टिंबं, वरच्या घरात एका टिंबाची किंमत वीस, तर तीन विसा साठ आणि पाच. आमची आजी कोडीवर मोजायची, कोडी म्हणजे वीस, तिला हे दोन मिनिटांत आलं असतं. आणि हे काही जुनंपुराणं राहिलेलं नाही, ग्वाटेमालाच्या आजच्या नोटांवर कोपऱ्यात माया आकडा छापलेला असतो, जशी आपल्या नोटेवर मराठी असते. नोटेचा फोटो मोठा करून पोरांनी तो वाचला तेव्हा त्यांना आपण काहीतरी गुप्त लिपी फोडल्यासारखं झालं. पंचवीस सेंताव्होच्या नाण्यावर तर आतित्लान तळ्याकाठच्या एका बाईचं चित्र आहे, डोक्याला लांबलचक पट्टी गोल गोल गुंडाळलेली, आमच्यातली पोरं म्हणाली काकू हिने फेटा बांधलाय.

कॅलेंडरचं थोडक्यात सांगते. त्यांचं एक २६० दिवसांचं आहे, तेरा आकडे आणि वीस दिवसांची नावं यांच्या फिरण्यातून झालेलं, आणि डोंगराळ भागात आजही मुहूर्त सांगणारी, दिवस पाहणारी माणसं ते वापरतात, आपल्या गुरुजींच्या पंचांगासारखं. दुसरं ३६५ चं. २०१२ मधे जग बुडणार म्हणून आपल्या चॅनेलवाल्यांनी जी बोंब मारली होती ती तिसऱ्याच एका मोजणीवरून, आणि तिथे नुसता गाडीच्या मीटरसारखा आकडा पलटणार होता. तेव्हा सुद्धा कोणी एखाद्या जिवंत माया माणसाला विचारलं नाही.

पतंगांशिवाय हे पत्र पुरं करता येणार नाही. १ नोव्हेंबरला सुंपांगो आणि सांतियागो साकातेपेकेस या दोन गावांत स्मशानाजवळ पतंग उडवतात, मेलेल्या माणसांची आठवण म्हणून, आणि पतंग म्हणजे आपल्या संक्रांतीचे नव्हेत, बांबूच्या सांगाड्यावर पातळ रंगीत कागद चिकटवून केलेले गोल, मोठे तर दोन-तीन मजली घराएवढे. जे फार मोठे असतात ते उडत नाहीत, उभे करून दाखवायचे, लहान उडवायचे. गावातली पोरं महिनोन् महिने रात्री जागून ते करतात, आणि २०२४ मधे युनेस्कोने या कलेची अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत नोंद केलीय. त्या दिवशी थडगी झेंडूने सजवतात (झेंडू पण तिकडचाच बरं, आपण दसऱ्याला मिरवतो तो) आणि घरी फियाम्ब्रे करतात, थंडच खायचं, त्यात पन्नासेक जिन्नस, भाज्या, मांस, चीज सगळं एकत्र. मी सांगितलं ऋषीची भाजी कशी सगळं घालून करतो तसं, फक्त यात मांस. पोरांनी विचारलं म्हणजे पितरं आहे का काकू. मी म्हटलं तसंच काहीसं, आपण कावळ्याला बोलावतो, ते पतंग सोडतात. आम्ही पण जुन्या वर्तमानपत्राचा (तुमच्याच) आणि केळीच्या सोपटाच्या दोरीचा एक पतंग केला, माणसाएवढा. उडाला नाही. एकाने त्यावर त्याच्या आजोबांचं नाव लिहिलं होतं, तो पतंग अजून माझ्या माळ्यावर आहे.

ज्वालामुखीचं सगळेच सांगतात म्हणून मी फार नाही सांगितलं. फ्युगो म्हणजे आगच, ३ जून २०१८ ला त्याच्या पायथ्याचं गाव राखेखाली गेलं, आणि अँटिग्वा ही जुनी राजधानी १७७३ च्या भूकंपात पडली म्हणून राजधानीच उचलून दुसरीकडे नेली. तिथे ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात रस्त्यावर रंगवलेल्या लाकडी भुशाची रांगोळी घालतात, गल्लीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि मिरवणूक तिच्यावरून चालत जाते, रात्रभर खपून केलेलं दहा मिनिटांत पुसलं जातं. आमच्या गावात लाकडाची वखार आहे, भुसा फुकट मिळाला, कुंकू-हळदीने रंगवला. गावच्या रांगोळीवाल्या बायांनी नाकं मुरडली पण दोन दिवसांनी त्यातल्याच एकीने भुसा कुठून आणला म्हणून विचारलं.

आणि वेलदोडा! हे तर मला स्वतःला माहीत नव्हतं. त्या बाईंना मी पुरणपोळी नेऊन दिली तेव्हा त्यांनी वास घेतला आणि काहीतरी म्हणाल्या, सूनबाईने सांगितलं की हे आमच्याकडे कोबानच्या डोंगरात पिकतं, आम्ही खात नाही. खरंच, वेलदोडा परदेशात विकण्यात ग्वाटेमाला जगात पहिल्या रांगेत आहे, आपल्याला मागे टाकून. शंभरेक वर्षांपूर्वी एका जर्मन मळेवाल्याने तो आपल्या बाजूच्या देशांतून तिकडे नेऊन लावला. पिकवतात केक्ची माया शेतकरी, पितात अरब लोक त्यांच्या कॉफीत, आणि पिकवणाऱ्याच्या घरात डबीभर पण नसतो. त्यांनी पोळी खाल्ली आणि दुसरी मागितली एवढं मात्र लिहायला हवं.

माझं मागणं मोठं नाही. 'देशांची ओळख' बंद करू नका, तिची रीत बदला. राजधानी आणि चलन पोरं मोबाईलवर दोन सेकंदांत काढतात. त्याऐवजी एका वेळी एकच वस्तू घ्या जी पोराच्या घरात आहे, चिकू घ्या, वेलदोडा घ्या, मिरची घ्या, आणि ती कुठून कशी आली, कोणी लावली, कोणाच्या कष्टावर आली ते सांगा. हवं तर सहा ओळींच्या जागी बारा ओळी द्या, राशिभविष्य थोडं कमी करा (गंमत केली, त्याशिवाय आमच्या ह्यांचा चहा घशाखाली उतरत नाही). आणि जिवंत माणसांबद्दल लिहिताना 'होती', 'होते' लिहायच्या आधी एकदा तपासा, गोंड, भिल्ल, कोरकू यांच्याबद्दल पण आपण असंच 'प्राचीन जमात' लिहून मोकळे होतो आणि ती माणसं आमच्या सातपुड्यात पलीकडच्या पाड्यावर राहतात, केळीच्या कटाईला येतात.

पुढच्या रविवारी दुरुस्ती छापणार असाल तर दोन ओळी पुरे, 'माया लोक आजही आहेत, साधारण ६२ लाख, २२ भाषा बोलतात'. ओसरीवरची पोरं वाट बघताहेत, कात्रण भिंतीला चिकटवायची जागा सोडून ठेवलीय.

आणि तो फोटो. खाली 'राष्ट्रीय पक्षी क्वेट्झल' छापलंय पण तो लाल मकाव पोपट आहे. क्वेट्झल हिरवा असतो, पोट लाल, आणि नराच्या शेपटीची पिसं मीटरभरापर्यंत लांब. मकाव पण ग्वाटेमालाच्या जंगलात असतो, त्यामुळे अगदीच परका पाहुणा छापला असं नाही, पण चूक ती चूक. ही मी नाही पकडली, चौथीतल्या एकाने पकडली, चोच बघून.

आपली,
एक वाचक
रावेर तालुका, जि. जळगाव